ब्लॉकचेनवर शोधनिबंध ढीगभर, पण प्रत्यक्षात ती चालते कुठे?

मृण्मयी_नाशिक | रविवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी,

गेली चौदा वर्षं अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. यंदा एम.ई.ला माझ्याकडे एक मुलगी आली आहे. निफाड तालुक्यातली, घरची चार एकर द्राक्षबाग. तिला प्रबंधासाठी विषय हवाय 'द्राक्षांच्या पुरवठा साखळीसाठी ब्लॉकचेन'. मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, आणि विषय तिच्या घरातला आहे. तरी मी अजून होकार दिलेला नाही.

कारण सांगते. गेल्या वर्षी एका ठिकाणी बहिस्थ परीक्षक म्हणून गेले होते. एका मुलाने औषधांच्या साखळीवर असाच प्रकल्प केला होता. उत्पादक, वाहतूकदार, घाऊक विक्रेता, दुकानदार आणि सरकारी निरीक्षक अशा पाच संस्था, पाचांच्या पाच वह्या, एकाने खोटं लिहिलं तर बाकीचे पकडणार. आकृती सुंदर काढली होती. मी विचारलं, "या पाच संस्थांचे नोड, म्हणजे वह्या सांभाळणारे संगणक, कुठे आहेत?" त्याने समोरच्या लॅपटॉपवर बोट ठेवलं. पाचही त्यातच. एकमेकांवर भरवसा नसलेली पाच माणसं एकत्र कशी काम करतील, हा ब्लॉकचेनचा मूळ प्रश्न. त्या प्रकल्पात पाचही माणसं तोच होता. मला फार वाईट वाटलं, कारण मेहनत खरी होती आणि त्याला कुणी हे आधी विचारलंच नव्हतं.

तर तुमच्यापैकी कुणी ब्लॉकचेन प्रत्यक्ष चालताना पाहिली आहे का? कामावर, कचेरीत, शेतात, कुठेही. चाललेलं सांगा आणि बंद पडलेलंही सांगा. बिटकॉइनसारखं कुठलं आभासी नाणं घ्यावं, भाव कुठे जाणार, हे कृपया इथे नको.

---

सुलभाकाकू | रविवार, सकाळी १०:४०

शीर्षकात 'चेन' वाचून मला वाटलं मंगळसूत्रचोरांवर धागा आहे. आत आले तर वेगळंच. पण वाचते आहे, छान लिहिलंयस मृण्मयी. मला समजेल असं कुणीतरी सांगा.

---

प्रणव_झ | रविवार, सकाळी ११:२५

मॅडम, धागा काढलात ते फार बरं केलंत. माझी पीएच.डी. याच विषयात चालू आहे. सुलभाकाकूंसाठी मुळापासून सांगतो, कारण मूळ कळलं की उपयोग कुठे आणि कुठे नाही ते आपोआप कळतं.

ब्लॉकचेन म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या नोंदींची वही, आणि ही कल्पना बिटकॉइनच्या बरीच आधीची आहे. १९९१ साली स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या अमेरिकेतल्या बेलकोर प्रयोगशाळेतल्या दोघांनी एक निबंध लिहिला. प्रश्न साधा होता: एखादा डिजिटल दस्तऐवज अमुक तारखेला होता आणि नंतर कुणी बदलला नाही, हे सिद्ध कसं करायचं? कागदावर शाई जुनी होते, खाडाखोड दिसते. फाइलमध्ये काहीच दिसत नाही. शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्यालाच कुणी फितवलं तर?

त्यांनी उत्तर असं दिलं. दस्तऐवजाचा गणिती ठसा काढायचा, त्याला हॅश म्हणतात. दस्तऐवज एका ओळीचा असो की हजार पानांचा, ठसा ठरावीक लांबीचाच. आज वापरतात त्या पद्धतीत तो चौसष्ट अक्षरांचा लिहिला जातो. एक स्वल्पविराम बदला, अख्खा ठसा बदलतो. आणि प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा गुंफायचा. म्हणजे मधली एक कडी बदलायची तर तिथून पुढच्या सगळ्या बदलाव्या लागतात.

पुढे त्यांनी कंपनी काढली आणि १९९५ पासून आठवड्याचा एकत्रित ठसा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. छापलेला पेपर हजारो घरांत गेला की तो परत गोळा करून कोण बदलणार?

२००८ च्या ३१ ऑक्टोबरला सातोशी नाकामोतो या नावाने बिटकॉइनचा निबंध आला. त्याच्या संदर्भयादीत फक्त आठ नोंदी आहेत, त्यातल्या तीन हेबर-स्टॉर्नेटांच्या. सातोशीने नवीन काय केलं? वर्तमानपत्राची जागा अनोळखी संगणकांच्या जाळ्याला दिली, आणि पुढची कडी कोण जोडणार हे ठरवायला कष्टाचं कोडं लावलं. ते कोडंही आधीपासून होतं. नको असलेल्या ईमेलना आळा घालायला १९९२ मध्ये सिंथिया ड्वॉर्क आणि मोनी नाओर यांनी ते सुचवलं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की साखळी आणि नाणं वेगळं काढून बघा. साखळी तीस वर्षांहून जुनी आहे आणि चालते.

---

हर्षद_क | रविवार, दुपारी १२:०५

प्रणव, इतिहास पटला. पण मॅडमचा प्रश्न 'चालते कुठे' हा आहे. मी पंधरा वर्षं बँकांची सॉफ्टवेअरं करतो. माझ्यासमोर तीन वेळा ब्लॉकचेनचा प्रस्ताव आला आणि तिन्ही वेळा शेवटी साधा डेटाबेस, रोजचा बॅकअप आणि चोख ऑडिट लॉग यावर काम भागलं. यूपीआयवर महिन्याला हजार कोटींच्या वर व्यवहार होतात, त्यात ब्लॉकचेन नाही. मध्ये एक संस्था आहे, तिच्यावर सगळ्या बँकांचा भरवसा आहे, संपलं. बिटकॉइनचं जाळं सेकंदाला सातेक व्यवहार करतं, दर कडीला दहा मिनिटं. भरवसा ठेवायला कुणीतरी असेल तर ब्लॉकचेन कशाला?

---

प्रणव_झ | रविवार, दुपारी १२:३०

अगदी हाच प्रश्न झुरिकच्या कार्ल व्यूस्ट आणि आर्थर जर्वे यांनी निबंधात मांडलाय. त्यात प्रश्नांची वाट आहे. माहिती साठवायची आहे का? लिहिणारे एकाहून जास्त आहेत का? कायम हजर असणारा, सगळ्यांना मान्य मध्यस्थ आहे का? असेल तर ब्लॉकचेन नको. लिहिणारे ओळखीचे आहेत का, आणि त्यांचा एकमेकांवर विश्वास आहे का? असेल तरी नको. बहुतेक प्रस्ताव तिसऱ्या पायरीलाच गळतात. तुमचे तिन्ही तिथेच गळले असणार.

---

टॉवरखाली | रविवार, दुपारी २:१५

मृण्मयीताई, चाललेलं मागितलंत ना? तुमच्या सगळ्यांच्या खिशात आहे.

बँकेचा, गॅसचा, कुरिअरचा जो एसएमएस येतो, त्याच्यामागे दूरसंचार कंपन्यांची सामाईक वितरित खातेवही आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाने जुलै २०१८ मध्ये नियम काढले: व्यापारी संदेश पाठवणाऱ्याने स्वतःची नोंदणी करायची, पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे हेडर नोंदवायचं, आणि संदेशाचा मजकूर, म्हणजे टेम्पलेटही आधी मंजूर करून घ्यायचं. एका कंपनीकडे नोंदवलं की बाकीच्यांच्या वहीत दिसतं. संदेश निघाला की हेडर आणि टेम्पलेट जुळतं का ते तपासतात. नाही जुळलं तर संदेश जातच नाही.

८ मार्च २०२१ आठवतोय का? त्या दिवशी तपासणी कडक झाली आणि देशभर ओटीपी अडकले. मी तेव्हा संदेश पाठवणाऱ्या एका मध्यस्थ कंपनीत होतो. सकाळपासून फोन थांबेनात. आमच्या एका ग्राहकाच्या टेम्पलेटमध्ये 'रु.' नंतर एक जागा सोडलेली आणि प्रत्यक्ष संदेशात नव्हती, बस्स, सगळे संदेश बाद. त्या एका मोकळ्या जागेने मला नोड, हॅश, सगळं शिकवलं. दुसऱ्याच दिवशी ट्रायने तपासणी सात दिवस स्थगित केली.

आणि हर्षदभाऊ, इथे तुमचा मध्यस्थ सापडत नाही. कंपन्या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. एकीची वही दुसरी मानणार नाही आणि प्रत्येकीला दुसरीने काय मंजूर केलं ते कळायला हवं. व्यूस्ट-जर्वेंच्या वाटेवर ही केस शेवटपर्यंत जाते.

---

सुलभाकाकू | रविवार, दुपारी २:५०

मग मला दिवसाला चार वेळा कर्ज हवंय का म्हणून फोन येतात ते कसे?

---

टॉवरखाली | रविवार, दुपारी ३:०५

काकू, ते साध्या दहा आकडी नंबरवरून येतात. तो माणूस नोंदणीच्या दारातून आतच आलेला नाही. वही कितीही पक्की केली तरी दाराबाहेरच्या माणसाचं ती काही करू शकत नाही. या विषयात हे सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला वाटतं.

---

तात्या_मंडळ | रविवार, सायंकाळी ६:३०

मी महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. प्रणवने सांगितलेली साखळी वाचून मला गाव नमुना सहा आठवला, ती फेरफार नोंदवही.

आमच्याकडे नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवत, की सातबाऱ्यावरचं जुनं नाव खोडायचं नाही. त्याला कंस करायचा. नवं नाव खाली लिहायचं आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक. तो क्रमांक धरून मागे जा, फेरफार सापडतो. त्यातून त्याच्या आधीचा. असे मागे मागे जात पणजोबांपर्यंत पोचता येतं. मी पोचलो आहे, एका वाटणीच्या वादात, कंदिलाच्या काळातली मोडी नोंद वाचून घेऊन.

पण आता दुसरी बाजू. फेरफाराची नोंद धरली की हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस द्यायची, पंधरा दिवस हरकतीसाठी थांबायचं आणि मग मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायचं. एका केसमध्ये वारस म्हणून दोन भाऊ लावले होते. बहीण लग्न होऊन परजिल्ह्यात. तिला नोटीस पोचलीच नाही आणि पंचनाम्यात 'इतर वारस नाहीत' असं लिहून आलं. पंधरा दिवसांत हरकत नाही, कागद चोख, मी सही केली. चार वर्षांनी ती माऊली बाळाला कडेवर घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली. ते मला आजही टोचतं.

सातबारा ब्लॉकचेनवर टाका म्हणणारे पुष्कळ भेटतात. ती खोटी नोंद ब्लॉकचेनवर असती तर काय झालं असतं? कुणी बदलू शकलं नसतं, इतकंच. कायद्यानेही महसुली नोंद खरी मानायची ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच, जमीन महसूल संहितेचं कलम १५७. नोंद अभेद्य करण्याआधी ती बहीण बोलावली गेली होती का, हे तपासणारं कुणी बांधा.

---

हर्षद_क | रविवार, सायंकाळी ७:१०

तात्या, नमस्कार करतो. कंस आणि वर्तुळातला क्रमांक हे मी माझ्या टीमला उद्या सांगणार आहे. नोंदींचं हे तत्त्व आम्ही इंग्रजी पुस्तकांतून शिकलो.

---

आलापल्लीकर | रविवार, रात्री ८:२०

गडचिरोलीचं एक सांगतो. २०२२ मध्ये एटापल्ली उपविभागात पासष्ट हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवायचं काम हाती घेतलं गेलं. पॉलिगॉन या सार्वजनिक साखळीवर. दाखल्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की तो खरा आहे की बनावट ते कुणालाही तपासता येतं.

लांबच्या शहरातल्या कॉलेजात आमचा पोरगा दाखला घेऊन गेला की तिथला बाबू त्या कागदाकडे संशयाने बघतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकाला तर परत पाठवलं, म्हणाले कचेरीकडून खातरजमा आणा. एटापल्लीहून येणं-जाणं म्हणजे दोन दिवस आणि मजुरी बुडाली. त्या बाबूने फोन काढून तिथल्या तिथे तपासला असता तर पोराचे दोन दिवस वाचले असते. माझ्या लेखी ही मोठी गोष्ट आहे.

तात्यांचा मुद्दा इथेही आहेच. दाखला कचेरीने दिला आणि कुणी बदलला नाही, हे साखळी सांगते. माणूस त्या जमातीचा आहे का, हे पडताळणी समितीच बघते. ते काम साखळीचं नाही आणि असूही नये.

---

हर्षद_क | रविवार, रात्री ८:४५

हे तर डिजिटल सहीनेही झालं असतं ना? सहीचा कागद, क्यूआर, संपलं.

---

प्रणव_झ | रविवार, रात्री ९:१५

बऱ्याच अंशी हो, हर्षददादा. फरक एका ठिकाणी पडतो. सहीची किल्ली ज्याच्या हातात, तो मागची तारीख घालून नवा दाखला बनवू शकतो. ठसा सार्वजनिक साखळीत त्या दिवशी गेला असेल तर मागची तारीख घालता येत नाही. आतल्याच माणसाकडून धोका असेल तिथे साखळी लागते. धोका फक्त बाहेरच्यांकडून असेल तर सही पुरे.

---

तालिनकर | रविवार, रात्री ११:५०

मी आठ वर्षं एस्टोनियात आहे, राजधानी तालिनला. भारतातून पाहुणे आले की विचारतात, "तुमचं सगळं सरकार ब्लॉकचेनवर चालतं ना?" तसं नाही. इथल्या खात्यांना जोडणारी व्यवस्था एक्स-रोड, ती २००१ ची आहे आणि ती ब्लॉकचेन नव्हे. २००७ मध्ये इथे मोठे सायबर हल्ले झाले. त्यानंतर, आतल्याच कुणी नोंद बदलली तर कळणार कसं, या काळजीतून ठशांची साखळी आली आणि २०१२ पासून काही सरकारी नोंदवह्यांना जोडली गेली. त्यात नोंदी नसतात, फक्त ठसे. आणि प्रणव, तुला आवडेल असं सांगतो: त्या साखळीचा एकत्रित ठसाही वर्तमानपत्रात छापतात, फायनान्शियल टाइम्समध्ये.

माझ्या वैद्यकीय नोंदी कोणत्या डॉक्टरने कधी उघडल्या ते मी घरून बघू शकतो. एकदा अनोळखी नाव दिसलं, चौकशी केली, प्रयोगशाळेतल्या डॉक्टर निघाल्या. ती यादी कुणी मागाहून पुसू शकत नाही, हे माहीत असणं वेगळंच वाटतं.

---

अॅड_देशमुख | सोमवार, सकाळी ८:०५

कोर्टाच्या बाजूने. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात आता हॅश लिहावा लागतो. एक भाग पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा. म्हणजे प्रणव सांगतोय ते ठशाचं प्रकरण तालुका कोर्टापर्यंत येऊन पोचलं आहे.

अडचण अशी, की आमचे पक्षकार ठसा काढतात तो भांडण झाल्यावर, दाव्याच्या वेळी. तोवर फाइल दहा फोनमधून फिरलेली असते. समोरचा वकील पहिला प्रश्न विचारतो, "मधल्या दोन वर्षांत बदल झाला नाही कशावरून?" ठसा व्यवहाराच्या दिवशीच काढून तिसऱ्याच्या ताब्यात असता तर तो प्रश्नच उरला नसता.

---

सुलभाकाकू | सोमवार, सकाळी ८:५०

हॅशला ठसा हा शब्द मला फार आवडला. अंगठ्याचा ठसा बघून माणूस ओळखतो पण ठशातून माणूस उभा करता येत नाही, तसंच ना हे?

---

प्रणव_झ | सोमवार, सकाळी ९:१०

काकू, तंतोतंत तसंच. आमच्या क्रमिक पुस्तकांनी हे इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नाही.

---

चंद्रसेन | सोमवार, सकाळी ९:३०

अवांतर: 'मुद्रा' शब्द जास्त योग्य. राजमुद्रेची परंपरा आहे आपल्याकडे.

---

तात्या_मंडळ | सोमवार, सकाळी ९:५५

मुद्रा मारणारा मारतो. ठसा ज्याचा त्याचा असतो. ठसाच बरोबर.

---

कंटेनर_उरण | सोमवार, दुपारी १:४०

बंद पडलेलंही मागितलं आहे म्हणून लिहितो. मी न्हावाशेव्याला निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतो. मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये ट्रेडलेन्स आणलं. जहाजाचे कागद, कस्टम, बंदर, सगळं एका सामाईक साखळीवर. तंत्र चांगलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर झालं. सगळ्या उद्योगाचं सहकार्य मिळालं नाही, असं त्यांनीच सांगितलं. माझ्या मते कारण सरळ आहे: वही सगळ्यांची म्हणायची आणि ती एका जहाज कंपनीने मांडायची, मग दुसऱ्या जहाज कंपन्या आपला धंदा तिथे कशाला लिहितील?

ऑस्ट्रेलियाच्या शेअरबाजारानेही त्याच महिन्यात आपला ब्लॉकचेनचा प्रकल्प थांबवला, सात वर्षांच्या कामानंतर. अडीचशे दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास रक्कम सोडून द्यावी लागली.

---

शर्वरी_प | सोमवार, दुपारी ३:२०

मृण्मयी मॅडम, प्रबंधात वैयक्तिक माहिती येणार असेल तर एक धोका आधीच बघून ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माणसाला आपली माहिती दुरुस्त करून आणि पुसून मागण्याचा हक्क आहे. साखळीत गेलेलं पुसता येत नाही. म्हणून नाव, फोन, आधार यातलं काही साखळीत जाऊ देऊ नका. ठसाही नुसता नको, कारण फोन नंबर दहाच आकडी असतो. सगळे शक्य नंबर एकामागून एक घालून ठसा जुळवणं संगणकाला सोपं आहे. आधी त्यात यादृच्छिक आकडा मिसळा, मग ठसा काढा.

याच वळणावर सगळ्यात सुंदर संशोधन चालू आहे. गोष्ट न दाखवता ती खरी असल्याचं पटवून द्यायचं, याला शून्य-ज्ञान पुरावा म्हणतात. १९८५ मध्ये गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी तो मांडला. जन्मतारीख न सांगता 'मी अठरा पूर्ण आहे' एवढंच सिद्ध करता येतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्रभर झोपले नाही.

---

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९:४५

मी द्राक्ष बागायतदार, निर्यातीचा माल करतो. मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीच्या विषयावर सरळच बोलतो.

कुठल्या प्लॉटमधून माल आला हे शोधायची सोय आमच्याकडे २००६ पासून आहे. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेचं ग्रेपनेट. प्लॉटची कृषी खात्याकडे नोंदणी, प्लॉटला क्रमांक, काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना नेतो, फवारणीच्या औषधांच्या अंशांचा अहवाल चढतो, मग पॅकहाउस, मग कंटेनर. युरोपातल्या दुकानातल्या पेटीवरून माझ्या बांधापर्यंत येता येतं. त्यात ब्लॉकचेन नाही आणि गरजही पडली नाही, कारण मध्ये एक संस्था आहे जी युरोपलाही मान्य आहे आणि आम्हालाही.

तरी २०१० साली काय झालं? क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश जास्त निघाले म्हणून युरोपात आपला माल अडला. साखळी होती, अहवाल होते. पण ते रसायन तेव्हा तपासायच्या यादीतच नव्हतं. ज्या गोष्टीची नोंदच घेतली नाही ती कुठल्या वहीत सापडणार? त्या वर्षी आमच्या भागातली माणसं कशी मोडली ते मी पाहिलं आहे. आमच्या शेजारच्या काकांनी बाग तोडली.

आता आमचं खरं दुखणं. निर्यातीच्या बाहेरचा माल, म्हणजे बहुतांश माल, बांधावर व्यापाऱ्याला जातो. तो बागेत येतो, मणी चाखतो, किलोचा दर ठरतो. खुडा होतो, क्रेट मोजतात, गाडी जाते. हातात काय राहतं? डायरीच्या पानावर पेनाने लिहिलेलं वजन, कधी वहीतला फाडलेला कागद. पैसे पंधरा दिवसांनी म्हणतात. चांगले व्यापारी देतात, वर्षानुवर्षं देतात, हेही सांगतो. पण एखादा चेक देतो, तो वटत नाही, आणि फोन बंद. पोलिसात गेलो तेव्हा साहेबांनी विचारलं, "सौद्याचा पुरावा?" मी तो डायरीचा कागद पुढे केला. साहेब म्हणाले, "हे तर तुमच्याच अक्षरात आहे." खरं होतं. व्यापाऱ्याच्या माणसाला घाई होती, मी लिहिलं, त्याने मान डोलावली. पावणेतीन लाख गेले. त्या पावणेतीन लाखांत मुलीचं वसतिगृह होतं.

मॅडम, द्राक्ष कुठून आलं हे ग्राहकाला सांगायच्या सोयी झाल्या. पैसे कुणाकडून यायचेत हे शेतकऱ्याला सिद्ध करता येईल अशी सोय अजून आमच्याकडे नाही.

---

टॉवरखाली | सोमवार, रात्री १०:१०

गोदाकाठ दादा, वाचून गलबललो.

---

अॅड_देशमुख | सोमवार, रात्री १०:३५

दादा, दोघांच्या सहीची किंवा दोघांच्या फोनवरून ओटीपीने मान्य केलेली पावती असती आणि तिचा ठसा त्याच दिवशी तिसरीकडे गेला असता, तर ते 'तुमचं अक्षर' राहिलंच नसतं. पैसे लगेच मिळाले असते असं मी म्हणणार नाही. पण साहेबांना नोंद घ्यावी लागली असती आणि कोर्टात पहिल्या तारखेपासून तुमची बाजू उभी राहिली असती.

---

हर्षद_क | सोमवार, रात्री ११:००

आणि इथे मी माझा शब्द मागे घेतो. मध्यस्थ कोण? बाजार समितीत शेतकरी आणि व्यापारी दोघेही बसतात, दोघांचेही एकमेकांबद्दल आक्षेप आहेत. व्यापाऱ्याचं ॲप शेतकरी मानणार नाही, शेतकरी संघटनेचं ॲप व्यापारी मानणार नाही. लिहिणारे अनेक, ओळखीचे, आणि विश्वास नाही. प्रणवच्या वाटेवर ही केस पुढे सरकते.

---

प्रणव_झ | सोमवार, रात्री ११:२०

सरकते! आणि त्यासाठी सेकंदाला हजारो व्यवहारही नकोत. हायपरलेजर फॅब्रिक या ओळखीच्या संस्थांसाठीच्या ब्लॉकचेन प्रणालीच्या २०१८ च्या निबंधात साडेतीन हजारांच्या वर वेग दाखवला होता. आपल्याला हंगामात दिवसाला काही हजार पावत्या झाल्या तरी खूप. वेगावर प्रबंध लिहायची गरजच नाही. खरं संशोधन पावती बनतानाच्या त्या दोन मिनिटांवर होईल.

---

मृण्मयी_नाशिक | बुधवार, सायंकाळी ५:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लिहिलं नाही, कारण हा धागा मी विद्यार्थिनीला वाचायला दिला आणि तिच्याबरोबर बसून शब्द न् शब्द वाचला. गोदाकाठ यांचा प्रतिसाद वाचताना ती थांबली. म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी अशा दोन डायऱ्या आहेत." उद्गमशोधाचा विषय तिने स्वतःच बाजूला ठेवला.

प्रबंध आता बांधावरच्या सौदा-पावतीचा. शेतकरी आणि व्यापाऱ्याचा माणूस दोघेही आपापल्या फोनवरून मान्य करतील, पावती दोघांकडे राहील आणि साखळीत फक्त ठसा जाईल, शर्वरीने सांगितल्याप्रमाणे आकडा मिसळून. नोड तीन ठिकाणी: शेतकरी उत्पादक कंपनी, व्यापाऱ्यांची संघटना आणि आमचं महाविद्यालय. तीन इमारती, तीन वेगळी माणसं. एका लॅपटॉपवर चालवून दाखवलं तर मी सही करणार नाही, हे तिला सांगितलंय आणि तिला ते पटलंय.

तात्यांच्या त्या बहिणीसाठी एक प्रकरण ठेवलंय. चुकीची पावती मान्य झाली तर काय? खोडायची नाही, कंस करायचा: दुरुस्तीची नवी पावती, जुनीचा क्रमांक वर्तुळात. आणि घाईत, न वाचता मान्यतेचं बटण दाबलं जाऊ नये म्हणून वजन आणि रक्कम मराठीत मोठ्याने वाचून दाखवायची. व्यापारी यात का येतील, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आम्हाला वाटतं, वेळेवर पैसे देणाऱ्यांना तोच त्यांचा दाखला होईल. पण ते त्यांच्याशी बोलूनच कळेल, आणि ती बोलणार आहे.

गोदाकाठ दादा, ती आणि मी तुमच्या बागेत आलो तर चालेल का? खुडा, क्रेटची मोजणी आणि डायरी, तिघांचंही प्रत्यक्ष काम बघायचंय.

---

गोदाकाठ | बुधवार, रात्री ८:५०

या की. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थॉमसनचा खुडा धरतोय. पहाटे सहालाच या, दव उतरल्यावर काम सुरू होतं आणि व्यापाऱ्याचा माणूस नऊपर्यंत मोजून मोकळा होतो. एक आत्ताच सांगतो. बागेत फोनला रेंज नाही. पाण्याच्या टाकीवर चढलं की दोन काड्या येतात. मोजणी खाली चालते, टाकीवर कुणी चढत नाही. पावती रेंजशिवाय दोघांच्या फोनवर कशी बसेल ते तिने येण्याआधी बघून ठेवावं.